लाल फुलांचा गम : मुलांच्या अंगणातले ऑस्ट्रेलियन झाड

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी किती घरांतली मुले आज ऑस्ट्रेलियात आहेत याची मोजणी कोणी केलेली नाही. पण कोजागिरीला शेजारी बसलेल्या चार जणांना विचारले, तर त्यातला एक तरी मेलबर्न, सिडनी नाहीतर पर्थचे नाव घेतो. आपल्यापैकी जे निवृत्त आहेत ते वर्षाआड तीन किंवा सहा महिने तिकडे जाऊन राहतात. दिवसभर मुले कामावर आणि नातवंडे शाळेत. मग इंदुरात ज्यांनी कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावले नव्हते तेही हाताला काम म्हणून मागच्या अंगणात उतरतात. हा लेख प्रामुख्याने त्या मंडळींसाठी आहे.

विषय एकाच झाडाचा आहे. तिकडे त्याला रेड फ्लॉवरिंग गम म्हणतात. मेलबर्नच्या रस्त्यांच्या कडेने जानेवारीत जे बुटके, गोलसर डोक्याचे झाड लालभडक पेटल्यासारखे दिसते तेच हे. आम्ही उभयतांनी चिरंजिवांच्या घरी अशी दोन झाडे लावली आणि गेली काही वर्षे त्यांची देखभाल पाहतो आहोत, काही स्वतः हाताने आणि बाकीची इंदुरातून फोनवर. आम्ही वनस्पतिशास्त्राचे जाणकार नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि बँकेतली नोकरी. पण ओळखीच्यांकडून या झाडाबद्दल वारंवार तेच प्रश्न येतात, म्हणून जे वाचले, तिकडच्या माळ्यांकडून ऐकले आणि प्रत्यक्ष पाहिले ते एकदा व्यवस्थित लिहून काढत आहोत.

आधी ओळख. गम ट्री म्हणजे शब्दशः डिंकाचे झाड. या गटातल्या झाडांच्या खोडाला जखम झाली की तांबडा चीक पाझरतो, त्यावरून ते नाव पडले. (या डिंकाचे लाडू होत नाहीत, हे सौ.च्या आग्रहावरून नमूद करतो.) आपण ज्याला निलगिरी म्हणतो त्याच घराण्यातले हे झाड. ‘निलगिरी’ हे नावही त्या झाडाचे मूळचे नव्हे. १८४३ च्या सुमारास इंग्रजांनी जळणासाठी उटीकडच्या निलगिरी डोंगरांत ही झाडे आणली, आणि डोंगराचे नाव झाडाला चिकटले. पुढे १९८० च्या दशकात शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीत निलगिरी लावण्याची लाट आली. त्या काळी ग्रामीण शाखेत आमच्या टेबलावर निलगिरीच्या कर्जाचे अर्ज असत. त्यामुळे निलगिरी म्हटले की सरळसोट उंच वाढणारे, पाणी ओढणारे, सात-आठ वर्षांत तोडून विकायचे झाड एवढेच आपल्या डोक्यात बसलेले आहे. लाल गम त्यातला नाही. तो साधारण आठ-दहा मीटरपर्यंत वाढतो, जागा फारच मानवली तर पंधरापर्यंत. साल खरखरीत असते आणि निघून जात नाही. पाने रुंद, वरून गर्द हिरवी, आणि सावलीही बऱ्यापैकी दाट पडते. शास्त्रीय नाव कोरिंबिया फिसिफोलिया. फिसिफोलिया म्हणजे वड-अंजिराच्या वर्गासारखी पाने असलेले. फर्डिनंड फॉन म्यूलर या मेलबर्नच्या सरकारी वनस्पतितज्ज्ञाने १८६० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ते युकॅलिप्टस वंशात धरले होते. १९९५ मध्ये ते कोरिंबिया या वेगळ्या वंशात गेले. जुन्या पुस्तकांत आणि काही रोपवाटिकांच्या पाट्यांवर अजून युकॅलिप्टस फिसिफोलिया असे दिसेल, तेव्हा गोंधळू नये. आपल्याकडची लिंबाच्या वासाची निलगिरी हीसुद्धा आता याच कोरिंबिया वंशात धरतात, म्हणजे सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही.

फुलाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ते समजले की झाडाची छाटणी केव्हा करावी हेही आपोआप समजते. या फुलाला पाकळ्या दिसत नाहीत. पेरूचे फूल आपण सर्वांनी पाहिले आहे. मधोमध केसरांचा पांढरा झुबका असतो तसाच इथे लाल झुबका असतो. पाकळ्या एकमेकींना जुळून त्यांची कळीवर टोपी झालेली असते. फूल उमलताना ती टोपी गळून पडते आणि आतले केसर बाहेर पसरतात. जांभळाच्या फुलातही हेच होते. पेरू, जांभूळ, लवंग, बॉटलब्रश आणि गम ही सगळी एकाच कुळातली मंडळी. फुलांचे मोठे गुच्छ फांदीच्या अगदी टोकाला, पानांच्या बाहेर येतात, म्हणून झाड लांबूनही उठून दिसते. हंगाम तिकडचा उन्हाळा, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च. आमच्या सूनबाईंनी एकदा माघी गणेश जयंतीला एक गुच्छ गणपतीला वाहिला. शोभला छान, पण संध्याकाळपर्यंत देव्हाराभर लाल तंतू सांडले होते. फुलात मध भरपूर असल्याने मधमाश्या आणि रंगीबेरंगी लोरिकीट पोपट सकाळपासून हजर असतात. त्यांचा कलकलाट ज्यांना सोसत नाही त्यांनी शयनगृहाच्या खिडकीजवळ हे झाड लावू नये.

फुले गेल्यावर सुरईच्या आकाराची टणक लाकडी फळे धरतात. त्यांना गमनट म्हणतात. तिकडच्या मुलांना ही चांगली परिचयाची असतात, कारण मे गिब्ज या लेखिकेच्या १९१८ सालच्या ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’ या पुस्तकातली नायक बाळे गमनटचीच आहेत. नातवंडांना झाडात रस वाटावा म्हणून याचा उपयोग होतो. तोटा एवढाच की ही फळे पायवाटेवर पडली की पाय घसरतो. आपल्या वयाच्या माणसांनी हे लक्षात ठेवावे आणि झाड दारातल्या वाटेपासून जरा बाजूला लावावे.

आता मुख्य मुद्दा. हे झाड मूळ कुठले, हे कळल्याशिवाय त्याची काळजी घेता येत नाही. जगभर, अगदी कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवरही ते लावलेले असले तरी त्याचे स्वतःचे गाव फार लहान आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पर्थपासून चारशेहून अधिक किलोमीटर अंतरावर वॉल्पोल नावाचे गाव आहे. त्या परिसरातल्या थोड्याशा पट्ट्यात ते जंगलात आपोआप उगवते. तिथली जमीन वाळूची, किंचित आम्ल, निचऱ्याची आणि खताच्या दृष्टीने अगदी दरिद्री. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडा वरच. आपल्या इंदुरातही पाऊस साधारण तितकाच, ९००-१००० मिलिमीटर. फरक आहे तो तारखांचा. आपला पाऊस गरमीत, जून ते सप्टेंबर पडतो. तिथला बहुतेक पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे रक्कम तीच, पण जमा होण्याचा महिना उलटा. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की या झाडाला बुरशी धरते. म्हणूनच ऑस्ट्रेलियातच ब्रिस्बेनकडे ते नीट वाढत नाही, सिडनीला कसेबसे तग धरते, आणि मेलबर्न, ॲडलेड, पर्थ इथे खूश असते.

ब्रिस्बेनकडे राहणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका कोरिंबियाशी संकर करून ‘समर रेड’ आणि ‘समर ब्यूटी’ असे दोन प्रकार तयार झालेले आहेत. पहिल्याची फुले लाल, दुसऱ्याची गुलाबी. ही कलमे दमट हवेत चांगली चालतात. तिकडे तीच घ्यावीत.

रोप घ्यायचे की कलम, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो आणि आपल्या वयात तो सोपा नाही. आंब्याचे उदाहरण घ्या. कोय पेरली तर झाड येते, पण आई-झाडासारखेच फळ येईल याची हमी नसते. कलम केले तर तेच फळ मिळते आणि लवकर मिळते. इथेही तसेच. लाल गमचे बी पेरले तर फूल लालच येईल असे नाही. गुलाबी, केशरी, क्वचित दुधी रंगही निघतो, कारण मारी नावाच्या त्याच्या जवळच्या नातेवाइकाशी त्याचा सहज संकर होतो. बियाच्या झाडाला पहिले फूल यायला सात-आठ वर्षे लागू शकतात. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले येतात, रंग पाटीवर लिहिलेला असतो तोच येतो, आणि ‘वाइल्डफायर’ किंवा ‘बेबी ऑरेंज’ यांसारखी कलमे लहान अंगणात मावतात. मात्र कलम रोपाच्या दहा-वीस पट महाग पडते, आणि कधी कधी चांगले वाढलेले कलम काही वर्षांनी सांध्यापाशी दगा देते. गमच्या कुळात कलम बांधणे मुळातच अवघड काम आहे. बियाच्या झाडाला सांधाच नसल्याने ती भीती नाही.

म्हणजे सासष्टाव्या वर्षी बियाचे रोप लावणाऱ्या माणसाने त्याचे फूल चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाहण्याची तयारी ठेवायची, तेही तेव्हा विमानाचा चौदा-पंधरा तासांचा प्रवास झेपला तर. आम्ही हा हिशेब कागदावर मांडला होता. शेवटी २०१७ च्या एप्रिलमध्ये दोन्ही लावली, पुढच्या अंगणात कलम आणि मागे पेन्सिलीएवढे रोप. कलम आमच्यासाठी होते आणि रोप घरासाठी, असे त्या वेळी सौ. म्हणाल्या. कलमाने २०१९ च्या उन्हाळ्यात फुले दिली, ती आम्ही तिथे असताना पाहिली. मागच्या झाडाने मात्र सगळ्यांना सात वर्षे वाट पाहायला लावली. कळ्या दिसू लागल्यावर रंग कोणता निघणार यावर घरात पैजा लागल्या. नातवाने लाल म्हटले, सूनबाईंनी गुलाबी. जानेवारीतल्या एका सकाळी इंदुरात आम्ही चहा घेत असताना व्हिडिओ कॉल आला आणि फोनच्या पडद्यावर केशरी रंग दिसला. पैज कोणीच जिंकली नाही. ते झाड आम्ही अजून फुलात असताना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. दरम्यान सौ.च्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि प्रवास लांबला.

यातून एक व्यावहारिक गोष्ट सुचवतो. आपण तिकिटे काढताना झाडाचे वेळापत्रक पाहू शकता. इंदूरचा उन्हाळा चुकवण्यासाठी एप्रिलमध्ये जाणाऱ्यांना लावणीचा उत्तम हंगाम मिळतो. तिकडे तेव्हा शरद ऋतू असतो, माती अजून उबदार असते आणि पुढे पावसाळी थंडी येते. दिवाळीनंतर जाणाऱ्यांना फुले मिळतात, पण तेव्हा लावणी करू नये, कारण समोर कडक उन्हाळा असतो. मेलबर्नला चाळीस अंशांचे दिवस येतात, हे आपल्याला तिथे गेल्याशिवाय खरे वाटत नाही.

माती. आपली बरीच मुले मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत, टार्नीट, वेरिबी, पॉइंट कुक या बाजूला राहतात, कारण घरे परवडतात. त्या भागातली जमीन पाहिली की माळव्यातल्या माणसाला ओळखीचे वाटते. ज्वालामुखीच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली चिकण माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. आपली काळी मातीही बेसॉल्टचीच. गहू-हरभऱ्याला ती सोने असेल, पण लाल गमला नको, कारण पाणी धरून ठेवते आणि बहुधा अल्कधर्मी असते. शहराच्या दक्षिणेला, सँडरिंगहॅमच्या बाजूला जमीन वाळूची आहे. तिथे हे झाड काही न करता वाढते. पश्चिमेकडे त्याच्यासाठी उंचवटा करावा लागतो. मीटर-दीड मीटर रुंद आणि फूट-सव्वा फूट उंच मातीचा ढीग करून त्यावर लावणी करावी, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही. चिकण मातीत जिप्सम मिसळले तर ती थोडी मोकळी होते. नव्या घरांत आणखी एक अडचण असते. बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा राडा अंगणातच पुरलेला असतो, त्याने माती आणखी अल्कधर्मी होते. मग झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पान असे दिसले की पाणी किंवा शेणखत वाढवून उपयोग नाही. चिलेटेड आयर्न नावाने मिळणारे लोह द्यावे लागते. लावण्यापूर्वीच बागेच्या दुकानातून मातीचा सामू तपासायची स्वस्त पेटी आणून पाहणे बरे. तपासणी न करता कर्ज मंजूर करू नये, हा आमचा जुना नियम इथेही लागू पडतो. आणि हो, आपण इकडे झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावतो तो तिकडे लावू नका.

रोप निवडताना मोठी कुंडी आणि उंच झाड पाहून भुलू नये. कुंडीत फार दिवस राहिलेल्या गमची मुळे वेटोळी होतात आणि जमिनीत गेल्यावरही वेटोळीच राहतात. पाच-सहा वर्षांनी वाऱ्यात झाड कलते ते त्यामुळे. अरुंद नळीसारख्या कुंडीतले वितभर रोप अशा मोठ्या झाडाला दोन-तीन वर्षांत मागे टाकते. खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद पण खोलीने कुंडीएवढाच. खड्ड्यात खत भरायचे नाही, हे आपल्याला पटत नाही, पण तसेच करावे. निघालेली मातीच परत भरावी. वर सात-आठ सेंटिमीटर जाडीचा लाकडाच्या चिपांचा थर, बुंध्यापासून चार बोटे दूर. आधाराची काठी शक्यतो नकोच; वाऱ्याची जागा असेल तर दोन काठ्या आणि मधे सैल पट्टी, तीही वर्षभरात काढून टाकावी. वाऱ्याने हलल्याशिवाय खोड जाड होत नाही.

जागा भरपूर उन्हाची हवी. घराच्या पायापासून अंतर सोडावे. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत झाडाची जेवढी उंची होणार तेवढे अंतर ठेवावे, असा तिकडचा सर्वसाधारण संकेत आहे. झाड पाणी ओढते तशी पायाखालची माती आकसते आणि भिंतीला चिरा जातात. लहान अंगण असेल तर म्हणूनच बुटके कलम घ्यावे.

खत आणि पाणी हा आपल्या मायेचा भाग आहे, आणि नेमका तिथेच घोळ होतो. एका परिचितांनी सहा महिने रोज सकाळ-संध्याकाळ झाडाला पाइप लावला आणि बनिंग्ज या मोठ्या दुकानातून शेणखताच्या पिशव्या आणून आळ्यात भरल्या. झाड पहिले दोन महिने तरारले, मग शेंड्याकडून वाळत गेले. माळ्याने उपटले तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती. त्या परिचितांचे इंदुरातले गुलाब पाहण्यासारखे आहेत, म्हणजे हात वाईट नव्हता. जास्वंदीला जे चालते ते या झाडाला चालत नाही, एवढेच. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या, झिजलेल्या जमिनींत स्फुरद फार कमी आहे आणि तिथली झाडे थोडक्यात भागवायला शिकलेली आहेत. बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांना तर जास्त स्फुरद विषासारखे बाधते. गम इतका हळवा नाही, पण त्यालाही त्याची गरज नाही. आपल्या डीएपीत स्फुरदाचे प्रमाण ४६ टक्के असते. त्या जातीचे काहीही घालू नये. द्यायचेच असेल तर ‘नेटिव्ह’ असे लिहिलेले, सावकाश विरघळणारे, कमी स्फुरदाचे खत वसंतात, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, मूठभर. न दिले तरी चालते.

पाण्याचे असे की, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली, सावकाश, मुळांपर्यंत मुरेल अशी. अंगाची लाही करणारे दिवस असतील तर मध्ये आणखी एक. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. तिसऱ्या वर्षापासून फार मोठी उघडीप नसेल तर अजिबात नको. थोडे थोडे रोज शिंपडले की मुळे वरच्या वर राहतात आणि आपण इंदुरास परतलो, मुलांना वेळ मिळाला नाही, की झाड आठवड्यात मान टाकते. आपण नसतानाही जगेल असे झाड तयार करायचे असेल तर पाणी हात राखूनच द्यायला हवे. निघताना फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवावा: वार, बादल्या आणि कोणत्या महिन्यापर्यंत. आमच्या सूनबाईंनी तो कागद काढून फोनमध्ये आठवण लावून घेतली, ते जास्त बरे झाले.

पहिले दोन हिवाळे दव गोठण्याच्या रात्री रोपावर गोणपाट टाकावे. मोठ्या झाडाला ती गरज नसते.

छाटणीचे सूत्र फुलाच्या वर्णनात आलेच आहे. फुले फांदीच्या टोकाला येतात, म्हणून हिवाळ्याअखेर किंवा वसंतात टोके कापली की त्या वर्षीची फुले गेली. छाटायचे तर फुलोरा संपल्या संपल्या, मार्च-एप्रिलमध्ये, आणि हलक्या हाताने. लहान झाडावरची कोवळी गमनट तेव्हाच काढून टाकली तर त्यांच्यावर खर्च होणारी ताकद वाढीला मिळते. फांद्याही वजनाने लवत नाहीत. कलमाच्या सांध्याखालून फूट आली तर ती लगेच काढावी, नाहीतर खालचे झाड वरच्याला गिळून टाकते.

रोगांपैकी क्वांबलेरिया नावाची बुरशी लक्षात ठेवावी. तिच्या एका जातीने कोवळे शेंडे वाकडे होऊन काळवंडतात आणि त्यावर पांढरी पूड दिसते. दुसरीने खोडावर व्रण पडून चीक गळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात मारीच्या झाडांचे तिने बरेच नुकसान केले आहे. बाधित फांदी निरोगी भागापर्यंत कापून कचऱ्यात द्यावी, कात्री स्पिरिटने पुसावी आणि पानांवर पाणी मारू नये. पाने कुरतडणारे भुंगे आणि अळ्या येतात. थोड्या पानांनी झाडाचे काही बिघडत नाही. औषध फवारले तर लोरिकीट आणि मधमाश्यांवरही फवारले जाते.

कायद्याच्या काही गोष्टी. घरासमोर, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्यावर आपण इकडे फाटकाबाहेर लावतो तसे झाड लावता येत नाही. ती जागा नगरपालिकेची, परवानगी लागते. खणण्यापूर्वी गॅस-पाण्याच्या वाहिन्यांची माहिती ‘बिफोर यू डिग’ सेवेकडून फुकट मिळते, ती मुलांना मागवायला सांगावी. आपल्याच अंगणातले मोठे झाड तोडायलाही अनेक ठिकाणी परवाना लागतो. झाडांच्या बाबतीत ते लोक गंभीर आहेत. मेलबर्न शहराच्या पालिकेने आपल्या सुमारे ७० हजार झाडांना क्रमांक आणि ईमेल पत्ते दिले, ते तुटक्या फांदीची तक्रार करता यावी म्हणून. २०१३ पासून लोक त्या पत्त्यांवर झाडांना चक्क प्रेमपत्रे पाठवू लागले.

आणि शेवटी, गमनट खिशात घालून इंदुरास आणण्याबद्दल. परदेशातून बी आणायला आपल्याकडे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ते नुसते कागदी सोपस्कार नव्हेत. याच कुळाला लागणारा मर्टल रस्ट नावाचा तांबेरा २०१० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये आढळला, आणि आपले पेरू-जांभूळही याच कुळातले. उलट जाताना सुकी फुले, बेलपाने, बिया सामानात असतील तर उतरताना अर्जावर जाहीर कराव्यात; मेलबर्नहून पर्थला रोप पाठवायचे असेल तर त्या राज्याचे नियम आणखी कडक आहेत. शिवाय बी इथे आले तरी काळी माती, अल्कधर्मी पाणी आणि जुलै-ऑगस्टची दमट गरमी, यापुढे झाडाचा निभाव लागणे कठीण. इंदुरात त्याच जातकुळीचे लाल फूल हवे असेल तर बॉटलब्रश लावावा. तोही मूळचा ऑस्ट्रेलियन, पण आपल्याकडे रुळलेला आहे. रोपवाटिकेत सहज मिळतो आणि आमच्या फाटकाजवळ तो बरा चालला आहे. त्याला मात्र पाणी घातलेले आवडते.